शुभवर्तमानांची साक्ष इतिहासाच्या कसोटीवर

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त मंदिराच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने या व्याख्यानाची आज्ञा केली, तेव्हा आम्ही आपल्या मंदिराचाच पंचाहत्तर वर्षांचा इतिहास कथन करू, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. तो इतिहास आमच्याहून जाणत्या मंडळींनी स्मरणिकेसाठी लिहून दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती करण्यात स्वारस्य नाही. आम्ही जो विषय मागून घेतला, त्याचा या उत्सवाशी वरवर पाहता काहीच संबंध दिसणार नाही. मत्तय, मार्क, लूक व योहान या चार संतांच्या नावे असलेली जी शुभवर्तमाने आपण दर रविवारी उभे राहून ऐकतो, ती इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय आहेत, असा तो विषय आहे.

धर्मगुरूनेच असा प्रश्न उपस्थित करावा, हे काहींस रुचणार नाही. त्यांस आम्ही आमच्या हातून घडलेली एक चूक आधी सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तेथील एक तरुण, वेदीसेवा करीत लहानाचा मोठा झालेला व नुकताच कॉलेजात जाऊ लागलेला, एके सायंकाळी आमच्याकडे आला. त्याच्या हाती वहीचा एक कागद होता. त्यावर त्याने चार रकाने आखले होते. पुनरुत्थानाच्या प्रभातकाळी कबरेपाशी कोणकोणत्या स्त्रिया गेल्या, तेथे त्यांस एक दूत दिसला की दोन, हे त्याने चारही शुभवर्तमानांतून स्वच्छ अक्षरात उतरून काढले होते. चार रकान्यांत चार प्रकार होते. "फादर, यांतले खरे कोणते?" एवढेच त्याने विचारले. आम्हांस मिस्सेची घाई होती, आणि खरे बोलावयाचे तर थोडा रागही आला होता. "असल्या गोष्टी उकरीत बसू नये, श्रद्धा ठेवावी," असे आम्ही सांगितले. त्याने कागदाची घडी करून ती खिशात घातली. पुढे रविवारी तो मंदिरात दिसेनासा झाला. बऱ्याच वर्षांनी त्याच्या वडिलांच्या दफनविधीच्या वेळी गाठ पडली, तेव्हा आम्हीच तो विषय काढला. तो म्हणाला, "फादर, उत्तर मिळाले नाही याचे मला फारसे वाटले नाही. तुम्ही कागद हातातसुद्धा घेतला नाही, त्याचे वाटले."

तेव्हा आजचे हे व्याख्यान म्हणजे तो कागद हातात घेण्याचा आमचा उशिराचा यत्न आहे, असे समजावे.

आता संबंध कोठे आहे तो पाहा. स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या तरुण मंडळींनी घरोघर जाऊन वृद्धांकडून मंदिराच्या बांधकामाच्या आठवणी लिहून घेतल्या. त्या वह्या आम्ही सावकाश वाचल्या. पायाभरणीच्या दिवशी पाऊस लागला होता असे एक आजी सांगतात. दुसऱ्या आजी म्हणतात की, ऊन इतके होते की मुलांच्या पायांस चटके बसत होते. बिशपस्वामी एकाच्या आठवणीत घोडागाडीतून आले, दुसऱ्याच्या आठवणीत बँडबाजासह पायी आले. परंतु बांधकाम चालू असता एक तरुण गवंडी परांचीवरून पडून गतप्राण झाला, हे मात्र सर्वांनी सांगितले. कोणी त्याचे वय वीस सांगितले, कोणी पंचवीस. आम्ही मृतांची नोंदवही काढून पाहिली, नोंद सापडली. आणखी एका वृद्ध गृहस्थांनी आपणहून सांगितले की, मंदिराला जागा देण्यास त्यांच्याच वडिलांचा विरोध होता व त्यापायी त्यांनी सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरला होता. ही गोष्ट दुसऱ्या एकाही वहीत नाही. तरी आम्हांस ती सर्वांत खात्रीची वाटते. कारण आपल्या बापाची उणीव मुलगा विनाकारण रचून सांगत नसतो.

या वह्यांत मेळ नाही, म्हणून पायाभरणी झालीच नाही, असा निष्कर्ष तुमच्यापैकी कोणी काढील काय? आणि दुसऱ्या अंगाने, आजी आपल्या आहेत म्हणून त्या दिवशी पाऊस व कडक ऊन दोन्ही एकाच वेळी होते, असेही कोणी म्हणणार नाही. साक्षीदाराची साक्ष आपण तोलून घेतो. शुभवर्तमानांविषयीही अभ्यासक हेच करीत आले आहेत. ही रीत धर्माला घातक आहे असे आम्हांस वाटत नाही.

आधी काळाचा हिशेब करू. पोंत्य पिलाताचा यहुदियावरील अंमल इ. स. २६ ते ३६ असा दहा वर्षांचा. त्यातही प्रभूचा मृत्यू ३० किंवा ३३ या साली झाला, असे बहुतेक अभ्यासक धरतात. संत मार्काचे शुभवर्तमान सर्वांत जुने; ते ७० च्या सुमाराचे मानतात. मत्तय व लूक यांची ८० ते ९० च्या दरम्यानची, आणि योहानाचे शतकाच्या अखेरचे. म्हणजे पहिले पुस्तक लिहिले गेले तेव्हा घटनेला जेमतेम चाळीस वर्षे झाली होती, आणि शेवटचे लिहिले गेले तेव्हा सत्तरच्या आसपास. आपल्या या मंदिराच्या पायाभरणीला आज पंचाहत्तर वर्षे झाली. आपल्या मंदिराच्या आजच्या वयाइतका काळ लोटण्यापूर्वीच चारही शुभवर्तमाने लिहून झाली होती! ज्या अवधीत आपल्या आजींस गवंड्याचा मृत्यू विसरता आला नाही, त्याच अवधीत ही पुस्तके निपजली आहेत.

त्यांच्याही आधीचा लेख हवा असेल, तर संत पौलाची पत्रे आहेत. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र ५४–५५ च्या सुमाराचे. त्यात प्रभूचे मरण, दफन व पुनरुत्थान आणि ज्यांस प्रभू दिसला त्यांची यादी आहे. आणि ही परंपरा आपणांस इतरांकडून मिळाली, असे पौल स्पष्ट सांगतो. गलतीकरांच्या पत्रात तो लिहितो की, आपण यरुशलेमेस जाऊन पेत्रापाशी पंधरा दिवस राहिलो व प्रभूचा बंधू याकोब यासही भेटलो. ज्याने पेत्राच्या घरी पंधरा दिवस काढले, त्याने तेथे नुसत्या हवापाण्याच्या गोष्टी केल्या नसतील.

पण येथेच सावध व्हावयास हवे. चाळीस वर्षे थोडी असली तरी नगण्य नाहीत. आणि चार पुस्तके म्हणजे चार पूर्णपणे निरनिराळे साक्षीदार, असे समजणे चुकीचे ठरेल. मार्काच्या सुमारे ६६० वचनांपैकी सहाशेच्या आसपास वचनांचा मजकूर मत्तयात आलेला आहे, आणि पुष्कळदा शब्दाला शब्द लागून आलेला आहे. लूकानेही मार्क समोर ठेवूनच लिहिले. एकाच वहीवरून दोघांनी उतरून घेतले, तर साक्षी तीन होत नाहीत, एकच राहते. शिवाय या पुस्तकांच्या अंगात कोठेही लेखकाने आपले नाव घातलेले नाही. नावे आपणांस प्राचीन परंपरेने दिली. दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिएरापोलिसचा बिशप पापियास याने नमूद केले की, मार्क हा पेत्राचा दुभाषी होता व पेत्राच्या तोंडून ऐकलेले त्याने नेमके, पण घटनाक्रम न साधता लिहिले. युसेबियस या इतिहासकाराने हे टिपून ठेवले म्हणून आपणांस ते ठाऊक. लूक तर आरंभीच कबूल करतो की, आपण स्वतः पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले त्यांच्यापासून चालत आलेले आपण नीट शोधून क्रमाने लिहीत आहो. आमच्या मते ही कबुली त्याच्या पुस्तकाचे वजन वाढविते.

तेव्हा वजन करावयाचे ते असे. मार्काची एक साक्ष, मत्तय व लूक यांत समान असलेला, पण मार्कात नसलेला जो वचनांचा साठा आहे, त्याची दुसरी, मत्तय व लूक यांनी आपापल्या ठिकाणाहून आणलेला वेगळा मजकूर, योहानाचा स्वतंत्र सूर, आणि पौल. हे सर्व जेथे जुळतात, तेथे जमीन घट्ट आहे. योहान बाप्तिस्त्याच्या हातून स्नानसंस्कार, गालीलातील प्रबोधन, बारा शिष्य, देवराज्याची घोषणा, यरुशलेमेतील अटक, पिलातापुढील न्याय, क्रूस, हा सांगाडा आज नास्तिक अभ्यासकही मान्य करतात.

आपल्या वृद्ध गृहस्थांनी वडिलांविषयी सांगितलेली गोष्ट येथे उपयोगी पडते. शुभवर्तमानांत अशा गोष्टी पदोपदी आहेत की ज्या पहिल्या ख्रिस्ती लोकांस सांगावयास अवघडच वाटल्या असतील. जो निष्पाप, त्याने पापक्षालनाचा स्नानसंस्कार घेतला. प्रभूच्या घरच्यांस त्याचे भान सुटले आहे असे वाटून ते त्याला धरून नेण्यास निघाले, हे मार्क लिहितो. मत्तय व लूक तो प्रसंग गाळतात. अंताची घटिका पुत्रालाही ठाऊक नाही, असे प्रभू बोलला. ज्याच्यावर ख्रिस्तसभा उभारली, तो पेत्र एका दासीच्या प्रश्नाने भ्याला. क्रूसावर प्रभूने देवाने आपणांस टाकले असा टाहो फोडला. नवा धर्म पसरवू पाहणाऱ्याने कल्पनेतून कथा रचली असती, तर यांतले एकही त्याने घातले नसते. पेत्राची नाचक्की कोणी सांगितली असेल? आम्हांस तर वाटते, पेत्रानेच.

आणखी एक बारीक गोष्ट आम्हांस फार आवडते. क्रूस वाहावयास शिपायांनी ज्याला वेठीस धरले, त्या कुरेनेकर शिमोनाची ओळख मार्क अशी देतो की, तो आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप. हे दोघे कोण, याचा पुढे-मागे कोठेही उल्लेख नाही. मत्तय व लूक यांनी ही नावे घेतलीच नाहीत. मग मार्काने ती का घातली? ज्यांच्यासाठी तो लिहीत होता, त्यांस हे दोन भाऊ ओळखीचे होते म्हणून! आपण नाही का म्हणत, "तो गवंडी म्हणजे अमक्याचा चुलता"? बापाचा प्रसंग खोटा असता, तर विचारावयास मुलगे हयात होते.

ख्रिस्तसभेबाहेरील साक्ष थोडी आहे, पण ती विरोधकांची अथवा त्रयस्थांची आहे म्हणून मोलाची. रोमन इतिहासकार टॅसिटस याने ११६ च्या सुमारास, ६४ सालच्या रोमच्या आगीचे वर्णन करताना लिहिले की, ख्रिस्ती हे नाव ज्यावरून पडले त्या ख्रिस्ताला तिबेरियसच्या राज्यात पिलाताने देहदंड दिला होता. आमच्या धर्माला तो घातक अंधश्रद्धाच म्हणतो. तेव्हा त्याने आमची भीड धरली असे कोणी म्हणू शकणार नाही. गंमत अशी की, टॅसिटसाच्या ग्रंथाचा हा भाग आज एकाच जुन्या हस्तलिखितावर टिकून आहे, आणि ते अकराव्या शतकात मोंते कासिनोच्या मठात लिहिले गेले. आपली निंदा करणारे पान आपल्याच संन्याशांनी नकलून जपले. बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने ११२ च्या सुमारास सम्राट त्रायान यास कळविले की, हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. यहुदी इतिहासकार योसेफस याने प्रभूचे नाव दोनदा घेतले आहे. त्यांपैकी एका ठिकाणी नंतरच्या कोणा ख्रिस्ती लेखनिकाने आपली भक्ती मिसळली आहे, हे उघड दिसते. मूळ मजकूर काही होता, एवढेच बहुतेक विद्वान मानतात. ही लबाडी आपल्या बाजूच्या माणसाची आहे व तिने आपल्याच साक्षीदाराची किंमत कमी केली, हे आपण लक्षात ठेवावे. दुसरा उल्लेख मात्र साधा व निर्मळ आहे: ६२ साली मुख्य याजकाने ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब यास दगडांनी मारविले. पौल ज्याला भेटला, तोच हा याकोब.

जमिनीनेही काही साक्ष दिली आहे. १९६१ साली समुद्रकाठच्या कैसरियात इटालियन संशोधकांस एक शिळा सापडली. तिच्यावर पिलाताचे नाव व यहुदियाचा प्रिफेक्ट हा त्याचा हुद्दा कोरलेला आहे. टॅसिटसने त्याला प्रोक्युरेटर म्हटले, ते नंतरच्या काळचे पदनाम होय. शुभवर्तमाने नुसते 'सुभेदार' म्हणतात व त्यामुळे चुकत नाहीत. योहान पाच देवड्यांच्या तळ्याविषयी सांगतो. पाच देवड्या म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे रूपक, तळे काल्पनिक, असे काही टीकाकार म्हणत. यरुशलेमेत संत अन्नाच्या मंदिराशेजारी उत्खनन झाले, तेव्हा जोडतळे निघाले: चार बाजूंस चार देवड्या व मधल्या बांधावर पाचवी. १९६८ साली यरुशलेमेच्या उत्तरेस एका अस्थिपेटीत योहोहानान नावाच्या माणसाचे टाचेचे हाड मिळाले; त्यात लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. क्रूसावर मेलेल्याचे प्रेत आप्तांस मिळून त्याचे रीतसर दफन होऊ शकत असे, हे त्यावरून दिसले. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात पपायरसाचा तळहाताएवढा तुकडा आहे. १९३५ साली तो प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन्ही अंगांस योहानातील पिलाताच्या चौकशीच्या ओळी आहेत. सामान्यतः तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात. कोणी काही दशके अलीकडे ओढतात.

तथापि दगडाकडून दगडापुरतीच साक्ष घ्यावी. तळे सापडले म्हणून तळ्याकाठचा पंगू बरा झाल्याचे सिद्ध होत नाही. लेखकाला जुने यरुशलेम माहीत होते, एवढेच सिद्ध होते. आमचे काही उत्साही बंधू शिळा सापडली की सर्व पवित्र शास्त्र सिद्ध झाले, असे छापून वाटतात. ती घाई बरी नव्हे.

आता अडचणींकडे वळू. त्या झाकून ठेवल्यास हे सर्व बोलणे व्यर्थ जाईल.

लूक सांगतो की, प्रभूचा जन्म क्विरिनियस सिरियाचा सुभेदार असताना झालेल्या शिरगणतीच्या वेळी झाला. योसेफसाच्या लेखावरून ती शिरगणती इ. स. ६ मधील ठरते. परंतु मत्तय, आणि स्वतः लूकही, प्रभूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत ठेवतात. आणि हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये वारला, असे बहुतेक मानतात. मध्ये दहा वर्षांचे अंतर पडते. याआधी एक शिरगणती झाली असावी, लूकाच्या वाक्याचा अर्थ निराळा करावा, असे पुष्कळ उपाय सुचविण्यात आले. त्यांपैकी एकाही उपायाला बाहेरचा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतील कॅथोलिक धर्मगुरू व पंडित रेमंड ब्राउन यांनी १९७७ साली या प्रकरणांवर मोठा ग्रंथ लिहिला. लूकाची येथे कालगणनेत गफलत झाली, असेच त्यांचे मत पडले. आम्हांसही तेच सरळ वाटते. आजींस पावसाविषयी चूक झाली, म्हणून गवंडी मेला नाही असे होत नाही.

शेवटच्या भोजनाची तिथीही अशीच. मार्क, मत्तय व लूक यांच्या मते ते वल्हांडणाचे भोजन होते. योहानाच्या मते प्रभू मेला तेव्हा ते भोजन अजून व्हावयाचे होते. शुक्रवार मात्र चौघांचाही एकच. क्रूसावरील पाटीचे शब्दही चौघांचे चार तऱ्हांचे आहेत; पण 'यहुद्यांचा राजा' एवढे चौघांतही आहे, आणि आरंभीचे ख्रिस्ती आपल्या प्रार्थनेत प्रभूला हे नाव देत नसत. ते रोमन सत्तेने लिहिले होते, म्हणूनच ते राहिले.

पिलाताच्या बाबतीत तोलण्याचे काम अधिक गंभीर आहे. फिलो व योसेफस यांच्या लेखांतला पिलात क्रूर व हट्टी आहे. शुभवर्तमानांतला पिलात कचरतो, आणि मत्तयात तर पाणी मागवून हात धुतो. लिहिते वेळी ख्रिस्ती मंडळी रोमन अमलाखाली भीतभीत नांदत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे रोमन सुभेदाराचा दोष सौम्य व यहुदी जमावाचा दोष गडद का झाला असावा, हे कळते. क्रूस ही रोमन शिक्षा होती व हुकूम रोमन माणसाचा होता. ही साक्ष न तोलता वाचल्याने काय झाले? मत्तयातील जमावाच्या एका ओरडण्यावरून युरोपात शतकानुशतके सबंध यहुदी समाजास प्रभूचे मारेकरी ठरविण्यात आले, आणि त्यात ख्रिस्ती हात रंगले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा आरोप स्पष्ट शब्दांत अमान्य केला. आपल्या कोकणपट्टीत शनवार तेली म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आपल्या शेजारी राहिले. त्यांच्या शेजारास गुड फ्रायडेचे वाचन कसे ऐकावे, हा आपल्यापुरता तरी पुस्तकी प्रश्न नव्हता.

येथे थोडे आडवाटेला जातो. नाताळात आपण गोठा रचतो. त्यातला बैल व गाढव लूकात नाहीत. मागी तीन होते, असे मत्तय म्हणत नाही. त्यांची नावे तर त्याने दिलीच नाहीत. धन्य मरियेच्या मातापित्यांची योआकीम व अन्ना ही नावे दुसऱ्या शतकातील एका ग्रंथातून आली आहेत. तो ग्रंथ ख्रिस्तसभेने शुभवर्तमानांत घेतला नाही. आपण गोठा मोडावा किंवा संत अन्नाचा सण सोडावा, असे आम्ही म्हणत नाही. परंपरेने प्रेमाने जपलेले वेगळे व पुराव्याने तोललेले वेगळे, एवढे ओळखावे. बाळ येशूने चिखलाच्या चिमण्या करून उडविल्या, असल्या कथांचे ग्रंथही त्या काळी वाचले जात. ख्रिस्तसभेने ते बाजूस ठेवले, यावरूनच पूर्वजांस पारख होती हे दिसते.

पारखेचे त्याहून मोठे उदाहरण आम्हांस सांगावयाचे आहे. १७० च्या सुमारास तातियन नावाच्या सीरियन विद्वानाने चारही शुभवर्तमाने कापून, जोडून, पुनरुक्ती व विसंगती काढून टाकून एक सलग चरित्र तयार केले. ते सुबोध होते; सीरियातील मंडळ्यांत ते पिढ्यानपिढ्या वाचले गेले. आमच्या त्या तरुणाची अडचण तातियनाने अठराशे वर्षांपूर्वीच दूर केली होती! त्याच्या पुस्तकात रकाना एकच. पण ख्रिस्तसभेने ते आपले शुभवर्तमान म्हणून ठेवले नाही. १८० च्या सुमारास ल्योंचे बिशप संत इरेनेयस यांनी शुभवर्तमाने चारच व चारही ठेवावयाची, असे आग्रहाने मांडले. आणि पाचव्या शतकात सीरियातील बिशप थिओदोरेत याने आपल्या प्रांतातून तातियनाच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेऊन त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने दिली. विसंगती त्यांस दिसत नव्हत्या काय? विरोधक त्या बोट ठेवून दाखवीत होते. तरीही पूर्वजांनी साक्षीदारांची जबानी एकमेकींशी जुळवून घेतली नाही. जशी मिळाली तशी ठेवली. न्यायालयात चार साक्षीदार अक्षरशः एकच बोलू लागले, तर न्यायाधीशास पढविल्याचा संशय येतो.

(आपल्या मराठीत फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणातही चौघांची कथा एका ओघात गुंफली आहे. ते काव्य आहे, भक्तीसाठी आहे, आणि मराठी भाषेचे ते भूषण आहे. साक्ष काढावयाची तर मात्र चौघांकडेच जावे लागते.)

हे आमच्या पदरचे मत नव्हे. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी आपल्या परिपत्रकाने कॅथोलिक अभ्यासकांस लेखनप्रकार व काळ ध्यानी घेऊन शास्त्राचा अभ्यास करण्यास मोकळीक व उत्तेजन दिले. १९६४ साली रोमच्या शास्त्रीय आयोगाने शुभवर्तमानांच्या ऐतिहासिक सत्याविषयी सूचनापत्र काढून तीन अवस्था सांगितल्या: प्रभूने केले व शिकविले ती पहिली, प्रेषितांनी पुनरुत्थानाच्या प्रकाशात त्याची घोषणा केली ती दुसरी, आणि शुभवर्तमानकारांनी त्यांतून निवडून, संक्षेप करून, आपापल्या मंडळीच्या गरजेप्रमाणे मांडून लिहिले ती तिसरी. पुढल्या वर्षी व्हॅटिकन परिषदेने हेच प्रमाण मानले, व त्याच श्वासात शुभवर्तमानांचे ऐतिहासिक सत्यत्वही ठामपणे उच्चारले. आपल्या स्मरणिकेचेही असेच नाही काय? एकदा घडले, मग घराघरांत सांगितले गेले, आणि आता लिहिले जात आहे.

आता त्या तरुणाचा कागद. एका रकान्यात तीन स्त्रिया, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात दोहोंहून अधिक, चौथ्यात एकटी माग्दालेना मरिया. पण चारही रकान्यांत तिचे नाव आहे. आणि योहानात ती एकटी धावत येते तरी बोलताना 'आम्हांस' ठाऊक नाही, असे म्हणते. म्हणजे सोबत कोणी होत्या. दूत एक की दोन, हे आम्ही जुळवून देऊ शकत नाही. तसा खटाटोपही करीत नाही. मात्र हे पाहा की, स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे योसेफस त्याच शतकात आपल्या लोकांचा नियम म्हणून लिहितो. ज्या समाजात स्त्रीच्या शब्दाला किंमत नव्हती, त्या समाजात रिकाम्या कबरेची पहिली साक्ष चारही पुस्तके स्त्रियांच्या तोंडी घालतात. रचलेली कथा असती, तर तेथे पेत्र असता किंवा अरिमथाईकर योसेफ असता.

इतिहासकार आणखी इतके सांगू शकेल की, प्रभू मेला, शिष्य पांगले, आणि थोड्याच अवधीत तीच भेदरलेली माणसे, ज्या नगरात तो मेला त्याच नगरात, तो उठला आहे असे सांगत उभी राहिली. त्यांपैकी काहींनी ते सांगत मरण पत्करले. देवाने त्याला उठविले, हे वाक्य मात्र इतिहासकाराच्या लेखणीतून येणार नाही. ते आपण मिस्सेत उभे राहून म्हणतो. त्या तरुणाला आम्ही त्या संध्याकाळी निदान हा फरक सांगावयास हवा होता. श्रद्धा ठेव, असे म्हणण्यापूर्वी त्याच्याबरोबर बसून रकाने वाचावयास हवे होते. तो आज या सभागृहात आहे किंवा नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. त्यास आमंत्रण मात्र पाठविले होते.

उत्सव संपल्यावर दर गुरुवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर याच सभागृहात आम्ही प्रभूच्या दुःखसहनाची चारही वर्णने शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहो. आरंभ मार्काच्या चौदाव्या अध्यायापासून करू. प्रत्येकाने आपले पवित्र शास्त्र, एक वही व पट्टी आणावी. रकाने आखावयाचे आहेत.